गाळलेल्या जागा

वुल्वरहॅम्प्टनच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी पाच ते साडेसहा
आम्ही आठजण इंग्रजी शिकतो.
सगळ्यांत म्हातारी मी. बत्तीस वर्षं
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी उपसल्या,
तिथं इंग्रजी फारसं लागलंच नाही.
वाफेपुढं कोण बोलतं.

मिस प्रॉबर्ट आज कागद वाटते :
गाळलेल्या जागा भरा. शेड की शॅडो.

मला शेड म्हटलं की आधी पत्राच दिसतो,
परसातली आमच्या ह्यांची शेड,
गंजलेलं कुलूप, आत अजून त्यांचे बूट.
मग साडीचं दुकान : मावशी, ह्याच्यात फिकी शेड दाखवू?
मिस प्रॉबर्ट हसते. तसं नाही, मिसेस खरात,
म्हणत टेबलावरचा दिवा लावते,
पुढं पाण्याची बाटली धरते.
बघा, ही शॅडो. हिला आकार असतो, कड असते,
ही कुणाची तरी असते.
शेड ही नुसती जागा,
ऊन न लागणारी. तिच्यात बसता येतं.

आमच्यात दोन्हीला सावलीच, मी म्हणते.
मग घोटाळा नाही होत?
मी नाही म्हणते,
कारण तेवढंच इंग्रजी पटकन सुचतं.

आजा सांगायचा, त्याच्या आज्याचं.
गावातून जायचं ते सूर्य डोक्यावर आला की.
सकाळी नाही, तिन्हीसांजेला तर नाहीच,
तेव्हा माणूस लांब पडतो,
कुणाच्या घागरीवर, कुणाच्या वाळवणावर पडतो,
मग त्यांनी धुवायचं आणि ह्यानं मार खायचा.
भर दुपारी ती पायाखाली गोळा होते,
वहाणेएवढी. नव्हतीच वहाण, पण तेवढी.
वडाच्या पारावर अख्खा गाव टेकलेला
आणि हा कडेकडेनं, मान खाली,
स्वतःच्या सावलीवर पाय देत,
वडाच्या सावलीत न शिरता.
सावली सगळ्यांत लहान असते ना, पोरी,
तेव्हाच सावली सगळ्यांत जास्त हवी असते.
एवढं बोलून आजा तंबाखू मळायला घ्यायचा.

हे मिस प्रॉबर्टला कसं सांगू?
की घोटाळा कधीच झाला नाही.
शब्द एकच होता, पण फरक
गावात शेंबड्या पोरालाही पाठ होता.

क्रमांक सात : ओकच्या झाडाखाली आम्ही कशात बसून जेवलो?
शेड, मी लिहिते.
क्रमांक आठ : मूल स्वतःच्याच कशाला घाबरलं?
इथं पेन अडतं.
मूल नव्हतं हो ते. चांगला मिशा फुटलेला गडी होता.
मिस प्रॉबर्ट मागून वाकते : येतंय की तुम्हाला, लिहा.
लिहिलं.
आठपैकी आठ.

बाहेर जूनचं तिरकं ऊन.
बसथांब्याशी मी लांबच लांब पडलेली,
कचऱ्याच्या डब्यावरून, फरशीवरून,
पुढं ठेंगण्या भिंतीवर पाठमोऱ्या बसलेल्या
एका पोराच्या थेट डोक्यावर.
पाय आपोआप बाजूला सरले.
सदुसष्ट वर्षांचे पाय,
कधी शिकले कुणास ठाऊक.
पोराच्या मोबाइलवर भसकन ऊन आलं.
त्यानं वळून बघितलं, माझ्याकडं नव्हे, खाली,
आणि बसल्या बसल्या सरकत सरकत
पुन्हा माझ्या सावलीत आला.
वाचू लागला.

ही कुठली मग, मिस प्रॉबर्ट?
कड आहे हिला. माझा अंबाडासुद्धा दिसतोय.
आणि आत कुणी बसलंय.

बस आली. दार उघडलं, मिटलं, गेली.
त्याचं वाचून व्हायचं होतं.